नुसते ठिपके छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुमारास आपल्या पुरवणीत प्रदर्शनातल्या भव्य रांगोळ्यांचे फोटो येतात. हुबेहूब चेहरे, साडीच्या चुण्या, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. त्या कलावंतांविषयी मला आदर आहे. पण हे पत्र दारातल्या वीतभर ठिपक्यांच्या रांगोळीसाठी आहे.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला ड्राफ्ट्समन. गेल्या श्रावणात पत्नीचं मनगट मोडलं आणि उंबऱ्यापुढची रांगोळी माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी फूटपट्टी घेऊन बसलो. "अहो, पट्टी कशाला? अंतर डोळ्यानं घ्या," ती खुर्चीवरून म्हणाली. मला ते जमेना. मग तिने जुन्या कॅलेंडरचं पान काढायला लावलं. पेटती उदबत्ती कागदाला क्षणभर टेकवायची आणि लगेच उचलायची. हात रेंगाळला की भोक पसरतं आणि शेजारच्याला जाऊन मिळतं. माझी पहिली दोन पानं अशीच गेली. तिसरं जमलं. ते फरशीवर ठेवलं, वर रांगोळी पसरून तळवा हलकेच फिरवला, कागद सरळ उचलला. खाली पांढरेशुभ्र ठिपके.

१५ ते ८ म्हणजे मधल्या ओळीत १५, मग वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत. एकूण १६९. आणि १३ ओळींत १३-१३ सरळ मांडले, तरी १६९च! हे लक्षात आलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात सांगायला गेलो. ठिपके तेवढेच, पण पहिल्या मांडणीत आतल्या प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी, दुसऱ्यात चारच. "म्हणून तर कमळ १५ ते ८ मध्येच छान बसतं," ती म्हणाली. तिने ते कधी मोजलं नव्हतं. बोटांना ठाऊक होतं.

आता तिचा हात बरा आहे. ठिपके मी देतो, जोडते ती. सुट्टीच्या दिवशी समोरच्या घरातली तिसरीतली मुलगी येते. परवा तिने चार मासे काढले आणि मधला ठिपका तसाच सोडला. "आजोबा, तो त्यांचा चेंडू आहे." बाजारातल्या जाळीच्या छाप्याने दोन मिनिटांत सुबक रांगोळी उमटते खरी, पण त्यात चेंडूला जागा नसते.

म्हणून विनंती एवढीच. रविवारच्या पुरवणीत एका कोपऱ्यात ठिपके छापावेत. नुसते ठिपके, एकही रेघ न जोडलेले. लहानमोठे सगळेच पेन्सिल घेऊन बसतील. आणि पुढच्या रविवारी कृपया त्याचं उत्तर छापू नये.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, मिरज