आयसीयूत आलेला तुमचा फोन

सातारा, दि. १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : डापाग्लिफ्लोझिन १० मि.ग्रॅ. गोळ्यांच्या तुमच्या आठवण सेवेबद्दल तक्रार

महोदय/महोदया,

माझी आई (वय ६७) दीड वर्ष तुमच्या कंपनीची ही मधुमेहाची गोळी घेत होती. एकही दिवस चुकवली नाही. तक्रार तिथूनच सुरू होते.

दवाखान्यातल्या शिबिरात तुमच्या प्रतिनिधीने तिचे नाव आठवण सेवेत घातले. तेव्हापासून रोज सकाळी आठला मेसेज : ‘आजची गोळी घेतलीत का? हो असल्यास १ पाठवा.’ आई शिस्तीची. आधी गोळी, मग चष्मा लावून एकचा आकडा, मग चहा.

२२ सप्टेंबरला घट बसले. साबुदाण्याने साखर वाढते हे तिला तोंडपाठ, म्हणून यंदा साबुदाणा, भगर, केळी सगळेच सोडले. दिवसभरात बिनसाखरेचा चहा, काकडी, मूठभर शेंगदाणे. आम्ही वर कौतुकच केले. शनिवारी पहाटेपासून उलट्या आणि पोटदुखी. घरच्या मशीनवर साखर १७२. एवढी तर तिची एरवीही असते, तेव्हा उपासाचे पित्त समजून आलेपाक दिला. आठला मेसेज आला. तिने उमासा आवरत गोळी गिळली आणि १ पाठवला.

रविवारी तिला धाप लागली. दवाखान्यात तपासले तर लघवीत कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) भरपूर, रक्त आम्लधर्मी झालेले. कीटोअ‍ॅसिडोसिस. चार दिवस आयसीयू. साखर फारशी वाढलेली नसताना इन्शुलिन कशाला, आणि त्याच्या जोडीला ग्लुकोजची बाटली कशाला, हे मला कळेना. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे मूत्रपिंडाचे चित्र काढून समजावले. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, त्यामुळे मशीनवरचा आकडा साळसूद दिसतो. पोटात मात्र पिठूळ अन्न नाही आणि अंगात इन्शुलिन अपुरे, म्हणून शरीर चरबी जाळते आणि कीटोन साठतात. आजारपणात, उलट्या होताना, कडक उपासात ही गोळी डॉक्टरांना विचारून थांबवायची असते. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधीही बंद करायची असते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) या गटातल्या औषधांबद्दल कीटोअ‍ॅसिडोसिसचा इशारा मे २०१५ मध्येच दिला आहे.

तुम्हालाही हे ठाऊक आहे. दहा पट्ट्यांचा खोका मी औषधवाल्याकडून मागून घेतला. आतल्या पत्रकात हा धोका छापलेला आहे : इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि ते पत्रक खोक्यात एकच. आम्हाला मिळते ती नुसती पट्टी.

मंगळवारी आईचा फोन माझ्या खिशात वाजला. तुमच्या सेवेतल्या ताई विचारत होत्या, दोन दिवस ‘१’ का आला नाही? मी म्हटले, आई आयसीयूत आहे, तुमच्याच गोळीमुळे असे डॉक्टर म्हणतात. त्या गडबडल्या. त्यांच्या पडद्यावर कारणे तीनच होती : विसरले, गोळ्या संपल्या, परवडत नाही. त्यांनी ‘विसरले’ नोंदवले. त्या बिचारीवर माझा राग नाही. पण ज्या यंत्रणेला गोळी न घेण्याचे योग्य कारण असू शकते हेच माहीत नाही, तिला रुग्णसेवा कशी म्हणायची? ती विक्रीची वही झाली.

औषधाशी माझे वैर नाही. हृदय कमजोर झालेल्यांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्याचा उपयोग होतो. २०२० मध्ये पेटंट संपून अनेक कंपन्यांच्या गोळ्या निघाल्या, म्हणून तर आम्हाला परवडले. आईचे औषध आता डॉक्टरांनी बदलले आहे.

माझे म्हणणे असे : मेसेजमध्ये आजारपण, उलट्या आणि उपासाची सूचना मराठीत घाला, निदान नवरात्र, एकादशी, रमजानच्या आधी तरी. प्रत्येक पट्टीबरोबर मराठी चिठ्ठी द्या. फोनवर ‘आजारी आहे’ म्हणणाऱ्याला थेट डॉक्टरांशी जोडा. आईच्या नावापुढचे ‘विसरले’ खोडून ही घटना दुष्परिणाम म्हणून तुमच्या औषध-सुरक्षा विभागात नोंदवा आणि नोंद क्रमांक कळवा. औषधांच्या दुष्परिणामांची देशभरची नोंद ठेवणाऱ्या गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे मी स्वतंत्र फॉर्म पाठवला आहे.

डिस्चार्ज कार्ड, बिले आणि पट्टीवरचा बॅच क्रमांक यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. उत्तर पंधरा दिवसांत, लेखी आणि मराठीत द्यावे. ते आई स्वतः वाचणार आहे.

आपला,
एक ग्राहक