कोड आठ हजारांचे, बंद मात्र सगळं खातं

संपादक साहेब, नमस्कार.

माझं बार्शीत मोबाईलचं छोटं दुकान आहे, रिचार्ज, कव्हर, चार्जर आणि दोनेक वर्षांपासून गिफ्ट कार्डचे, गेमचे कोड पण विकतो. व्हॉट्सअपवर ऑर्डर येते, आपण क्यूआर पाठवायचा, पैसे पडले की कोड टाकायचा. मार्जिन म्हणाल तर हजारामागे पंधरा-वीस रुपये.

मार्चमध्ये रात्री साडेअकराला एकाचा मेसेज, भाऊ दोन हजारवाले चार कोड पाहिजेत, अर्जंट. आठ हजार आले, मी कोड टाकले. पैसे एका बाईच्या नावावरून आलेत हे दिसलं होतं मला, विचारलं पण, तर म्हणे वहिनीच्या फोनवरून मारलेत. झोपेत होतो, म्हटलं असेल.

पाच दिवसांनी होलसेलवाल्याला पैसे पाठवायला गेलो तर जाईनात. बँकेत गेल्यावर कळलं खातं फ्रीज. त्या बाईला कुणीतरी गंडवलेलं आणि चोरानं तिला स्वतःचा नाही तर माझा क्यूआर फॉरवर्ड केलेला! म्हणजे पैसे तिचे, कोड त्याला, आणि कागदावर नाव माझं. तिनं सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, बरोबरच केलं, माझ्या घरच्यांचे गेले असते तर मीही तेच केलं असतं. पण वाद आठ हजारांचा आणि अडकले एकसष्ट हजार, त्यात होलसेलवाल्याचे पण आले, हे कुठलं गणित? पोलीस स्टेशन परराज्यातलं, बँकेनं तक्रारीचा नंबर आणि एक ईमेल आयडी हातात दिला आणि म्हणाले तुम्हीच बोला. चॅटचे स्क्रीनशॉट, कोड खरेदीचं बिल सगळं पाठवलं, तेवीस दिवस गेले. केरळ हायकोर्टानं 2023 मध्येच तिथल्या खातेदारांच्या केसमध्ये बँकांना सांगितलंय की संशयाची रक्कम असेल तेवढीच रोखा. मग इकडं अजून अख्खं खातं का बंद होतं?

कार्ड पेमेंटची तऱ्हा अजून वेगळी. माझ्या वेबसाईटवरून एकानं कोड घेतला, वापरला, आणि महिन्यानं बँकेला सांगितलं की हा व्यवहार मी केलाच नाही. गेटवेनं, म्हणजे कार्डचे पैसे माझ्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीनं, मला पुरावा द्यायचा फॉर्म पाठवला, त्यात कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर कंपलसरी! सोळा अंकी कोडला कुरिअर कुठून आणू? शेवटी त्या रकान्यात मी कोडच टाकला. केस हरलो, वर दंडाची फी वेगळी कापली. डिस्ट्रिब्युटरला विचारलं तर कोड वापरलाय एवढंच सांगतात, कधी आणि कुठल्या अकाउंटला ते नाही, आणि माझ्या बाजूनं तोच एक पुरावा आहे.

माझं म्हणणं एवढंच, वादातली रक्कम खुशाल धरा, बाकीचं सोडा, आणि कोड कुठे वापरला ते कोडवाल्या कंपनीनं निदान पोलिसांना तरी लगेच द्यावं, चोर तिथंच सापडेल.

आता मी चॅटवरचं नाव आणि पेमेंटचं नाव जुळल्याशिवाय कोड देत नाही, आणि नवीन गिऱ्हाइकाला रात्री तर नाहीच. परवा गल्लीतलंच एक पोरगं आईच्या फोनवरून पैसे मारून आलं, त्याला म्हटलं आईला घेऊन ये. ते चिडून शेजारच्या दुकानात गेलं.

– एक दुकानदार, बार्शी