तान्ह्या बाळाची फ्लूची लस आईच्या दंडात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळी आजारांवरची आपली पुरवणी वाचली. डेंग्यू, लेप्टो, कावीळ, सगळ्यांना पान-अर्धे पान मिळाले आहे. फ्लूच्या वाट्याला एक चौकट आली आणि तिच्यात ‘लहान मुलांना लस द्यावी’ असे एका ओळीत उरकले आहे. लहान म्हणजे किती लहान? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्या वयासाठी ती मंजूरच नाही. आणि मुलांमध्ये फ्लूने दवाखान्यात भरती व्हायची पाळी सर्वांत जास्त येते ती नेमकी याच बाळांवर.

त्यांना संरक्षण मिळते ते आईकडून. गरोदरपणी आईने लस टोचून घेतली की तिच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याच्या उपयोगी पडतात. अंगावरच्या दुधाचाही थोडा हातभार लागतो. बांगलादेशात गरोदर बायकांना लस देऊन पुढे त्यांच्या बाळांवर लक्ष ठेवले गेले होते. 2008 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्या आयांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू 63 टक्क्यांनी कमी होता. दक्षिण आफ्रिकेतल्या नंतरच्या मोठ्या चाचणीत हा आकडा निम्म्याच्या आसपास आला. शंभर टक्के नाही हे कबूल, पण ज्या वयात बाळाला दुसरी लसच नाही तिथे निम्मा धोका टळतो हे थोडके नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये या लसीसाठी गरोदर स्त्रियांना पहिले स्थान दिले होते.

आपल्या राज्याचे यात कौतुकच करायला हवे. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात गेला. तेव्हाची घबराट, मास्कसाठीची धावपळ, नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा पुणेकर विसरले नसतील. पुढे 2015 च्या साथीनंतर राज्य सरकारने दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांना आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत द्यायचे ठरवले. केंद्राच्या नियमित लसीकरणात फ्लू आजही नाही. खासगीत तीच सुई दीड-दोन हजारांच्या घरात जाते.

मग अडते कुठे? मी आरोग्य सेविका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे कागदावरचे नाही, उपकेंद्रावरचे सांगते. आमच्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते. तिचे नाव नोंदवलेले असते सासरच्या केंद्रात, कार्ड तिथले, सोनोग्राफीही तिथली. सासरची सिस्टर म्हणते, घेईल आता माहेरी. माहेरची सिस्टर म्हणते, झाली असेल सासरी. धनुर्वाताच्या लसीचे असे होत नाही, कारण माता-बाल संरक्षण कार्डावर टीडीच्या डोसांसाठी रकाने आहेत आणि रकाना रिकामा दिसला की कोणीही विचारते. मी हाताळलेल्या कार्डांवर फ्लूला रकाना नव्हता. लस दिलीच तर समासात पेनाने तारीख लिहायची. समासातले कोण वाचतो?

मागच्या उन्हाळ्यात माझी भाची बाळंतपणाला आली. तिला घेऊन मी एका सरकारी केंद्रात गेले. तिथे ‘साठा आला नाही, पावसाळ्यात बघू’ असे उत्तर मिळाले. आता आपल्याकडे फ्लू वर येतो तोच पावसाबरोबर, आणि टोचल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला दोनेक आठवडे जातात. म्हणजे साठा मे संपायच्या आत उपकेंद्रापर्यंत पोहोचायला हवा. ज्यांना चौथा महिना ऑगस्टमध्ये लागेल त्यांच्यासाठी तो पुढेही राहायला हवा, कारण थंडी सरता सरता फ्लू पुन्हा डोके काढतो.

दुसरी अडचण घरातली. ‘आम्हाला कुठे टोचलं होतं?’ हे सासूबाईंचे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की झोपेतही उत्तर देईन. दंडात देतात ती लस मेलेल्या विषाणूची असते, तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद्या दिवशी अंग कसकसते, बस. नाकात फवारायची लस मात्र जिवंत विषाणूची, ती गरोदरपणी चालत नाही. या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे उंबऱ्यावरून परत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

बाळ झाल्यावर तर विचारूच नका. बाराव्या दिवशी बारसे, पन्नास माणसे, आणि मुंबईहून खोकत आलेले काका पाळण्यात वाकून आधी मुका घेणार. त्यांना कोण अडवणार? बाळंतीण तर नाहीच. हे काम आजीने हक्काने करावे. सर्दी-खोकला असलेल्याने बाळाजवळ जायचेच नाही, मग मानपान गेला उडत. आईलाच फ्लू झाला तर मात्र दूध तोडू नये. तोंडाला मास्क, हात धुतलेले, आणि अंगावर पाजणे चालू. आशाताई पहिल्या 42 दिवसांत घरी येऊन बाळ बघून जातात. त्यांनी वजन-तापमानाबरोबर ‘घरात कोण खोकतंय?’ एवढे विचारले तरी पुष्कळ. दोन महिन्यांच्या आतले बाळ दूध ओढेनासे झाले, तापले किंवा मिनिटाला 60 वा अधिक श्वास घेऊ लागले, तर गुटी-धुरी न करता थेट दवाखाना गाठावा.

सहा महिने झाले की बाळाची स्वतःची लस सुरू होते. पहिल्या खेपेला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच वर्षांपर्यंत ती घ्या म्हणते. ही मात्र सरकारी केंद्रात मिळत नाही, आणि मजुरीवर जगणाऱ्या घराला तिचा खर्च झेपत नाही.

आरोग्य खात्याकडे मागणे दोनच: कार्डावर फ्लूचा रकाना छापा आणि गरोदर बाई ज्या गावात असेल तिथे, नोंदणी कुठली हे न विचारता, तिला सुई द्या. आपल्याकडेही एक मागणे आहे. यंदाची पुरवणी झाली ती झाली, पुढच्या वर्षी ती एप्रिलमध्ये काढा आणि तालुक्यातल्या कोणत्या केंद्रात लस आहे याची यादी तीत छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
सातारा जिल्हा