दिवाडी बेटावरच्या कॅम्पिंग वीकेंडची तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
मॅनेजर साहेब आणि कॅम्पर क्लबचे आयोजक

विषय: २४ ते २६ जानेवारी २०२६, दिवाडी बेट, गोवा. तुम्ही दिलेली गाडी फेरीबोटीत चढू शकली नाही, तरी डिपॉझिट कापलंत, त्याबद्दल.

नमस्कार,

फोनवर चारपाच वेळा बोलून झालं, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतेय. तक्रार एका वाक्यात सांगायची तर तुम्ही आम्हाला बेटावरचा कॅम्प विकलात आणि त्या बेटावर जाऊच न शकणारी गाडीही तुम्हीच दिलीत. कॅम्प तुमच्या क्लबचा, गाडी तुमच्या कंपनीची, ड्रायव्हर तुमचा, बुकिंग एकाच लिंकवरून, पैसे एकाच खात्यात. त्यामुळे "ट्रान्सपोर्ट ही आमची जबाबदारी नाही" हे उत्तर मला मान्य नाही.

आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मी, माझे मिस्टर, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, वय ७१. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे ट्रेन, जिने, हॉटेलचा पहिला मजला हे सगळं कठीण झालंय, म्हणून झोपायची सोय असलेली गाडी घेतली, आणि प्रोग्रॅममध्ये रविवारी सकाळी बेटावरून नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला नेणार असं लिहिलं होतं म्हणून त्या यायला तयार झाल्या. हे मूळचं देऊळ दिवाडी बेटावरचंच, कदंबांच्या काळातलं, ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार करवला. सासूबाईंनी हे लहानपणापासून ऐकलेलं. महिनाभर त्यांच्या तोंडी हाच विषय होता. तुमच्यासाठी तो प्रोग्रॅममधला एक टाइमस्लॉट असेल, आम्ही त्याच्यासाठी बुकिंग केलं होतं.

आता गाडीबद्दल. बुकिंगच्या वेळी "फॅमिली कॅम्पर, ४ जण" एवढंच लिहिलेलं, लांबी नाही, वजन नाही, काही नाही. आली ती टेम्पो ट्रॅव्हलरच्या मोठ्या चासीवर बांधलेली, सात मीटरच्या आसपास लांब, छतावर एसीचा डबा आणि मागच्या चाकांच्या पाठीमागे बराच भाग बाहेर आलेला, त्याच्याखाली सांडपाण्याची टाकी आणि तिचा पाइप लोंबतोय. आत गाडी छान होती, स्वच्छ होती, गाद्या चांगल्या होत्या, ते मी नाकारत नाही. पण दिवाडीला पूल नाही हे तुम्हाला माहीत आहे ना? मांडवीच्या मधोमध बेट आहे, जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोटी आहेत, गाडी न्यायची तर बोटीतूनच. त्या बोटी छोट्या आणि सपाट, पुढचा लोखंडी फळा उतरत्या धक्क्यावर टेकवतात आणि गाड्या त्याच्यावरून आत जातात. भरतीला तो फळा बऱ्यापैकी सपाट असतो, ओहोटीला पाणी खाली गेलं की उतार वाढतो. गाडीची पुढची चाकं फळ्यावर चढली की मागचा भाग खाली झुकतो, आणि मागे जितकं धूड जास्त तितकं ते लवकर जमिनीला लागतं. ही गोष्ट बोटीवरच्या माणसाला गाडी बघताक्षणी कळली, कॅम्परव्हॅनचा धंदा करणाऱ्या कंपनीला कळायला नको?

शुक्रवारी पहाटे ठाण्याहून निघालो, पुणे कोल्हापूर करून आंबोलीनं उतरलो, सावंतवाडीला मुक्काम केला आणि शनिवारी सकाळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर, त्या व्हाइसरॉय आर्चच्या पुढे, रांगेत लागलो. तेव्हा ओहोटी होती. बोटीवरचा माणूस आला, गाडीच्या मागे वाकून बघितलं आणि मिस्टरांना म्हणाला, "पात्रांव, हें जावचें ना," म्हणजे मालक, हे जमणार नाही. अगदी शांतपणे, कारण समजावून सांगितलं. मी लगेच तुमच्या कोऑर्डिनेटरला व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी काय सांगावं, तर मागच्या वर्षी यापेक्षा मोठी गाडी गेलीये, ड्रायव्हरला सांगा हळूहळू घ्या, चढेल. ड्रायव्हरदादा नको म्हणत होते, त्यांना फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं, ऑर्डर आहे घ्या म्हणून. पुढची चाकं फळ्यावर गेली आणि मागून खर्रकन आवाज, बंपर दबला, पाइपचं तोंड तुटलं, टाकीतलं पाणी धक्क्यावर. मागे स्कूटरवाले, शाळेची मुलं, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका खोळंबलेल्या. बोटीवाल्यांनी स्वतः उतरून गाडी मागे घ्यायला मदत केली. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उलट त्यांचं पहिल्यांदा ऐकलं असतं तर नुकसान झालंच नसतं.

त्यानंतर तुम्ही आम्हाला रायबंदरला पाठवलंत, तिथेही तेच उत्तर. मग म्हणालात नार्व्याच्या बाजूनं ट्राय करा, म्हणून बाणस्तारी, माशेल करत नार्व्याला गेलो, तिथेही नाही. आख्खा शनिवार रस्त्यात गेला. संध्याकाळी कोऑर्डिनेटरनी सुचवलं की गाडी एखाद्या पेट्रोल पंपावर लावा आणि रोज चालत बोटीनं ये-जा करा. ७१ वर्षांच्या बाईला घेऊन पेट्रोल पंपावर झोपायला आम्ही ठाण्याहून गोव्याला आलो नव्हतो. शेवटी वाटेतल्या एका खानावळीच्या मालकीणबाईंनी अंगणात गाडी लावू दिली, पाणी दिलं, रात्री गरम पेज दिली आणि पैसे घ्यायला तयारच नव्हत्या.

रविवारी सकाळी देवळात आम्ही आमचे गेलो. तुमचा गाइड नाही, ग्रुप नाही, क्लबच्या एकाही माणसाचा फोन नाही. सासूबाईंना दर्शन झालं, दारावरचा महाराजांच्या वेळचा शिलालेख मिस्टरांनी मुलाला दाखवला, ते समाधान आमचं आहे, त्याच्यात तुमचा काही वाटा नाही त्यामुळे "प्रोग्रॅममधली एक ॲक्टिव्हिटी तर तुम्ही घेतलीत" हे जे परवा फोनवर ऐकवलंत ते कृपया पुन्हा म्हणू नका, मला खूप लागलं ते.

मग पायी बोटीनं बेटावर गेलो. धक्क्यापासून कॅम्पपर्यंत न्यायला काही सोय नव्हती, त्यामुळे सासूबाई मिस्टरांबरोबर परत फिरल्या आणि मी मुलाला घेऊन एकटी कॅम्पला गेले. तिथे काय बघितलं तर ओम्नी आणि ईकोवर बांधलेल्या छोट्या व्हॅन, थार आणि जिम्नीवर टपावर तंबू, सगळ्या आरामात बोटीतून आलेल्या. तुमच्या क्लबच्या लोकांच्या स्वतःच्या गाड्याही सगळ्या छोट्याच. म्हणजे कुठली गाडी जाते हे तुमच्या लोकांना चांगलं माहीत होतं. नाशिकचं एक कुटुंब आमच्यासारखीच मोठी गाडी तुमच्याकडून घेऊन आलं होतं, तेही बाहेरच अडकलं. आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू, डिसेंबरमध्ये व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या एका मेंबरनी सरळ विचारलं होतं की फेरीला गाडीची लांबी किती चालते, त्याला तुमच्या कोऑर्डिनेटरचं उत्तर फक्त एक अंगठा. स्क्रीनशॉट जोडतेय. त्या दिवशी दोन ओळी लिहिल्या असत्या तर आम्ही छोटी गाडी मागितली असती किंवा गेलोच नसतो.

बाकीच्याही गोष्टी सांगते. माहितीपत्रकात "रात्रभर एसी, बाहेरची वीज न लागता" असं आहे. मिस्टर इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहेत, त्यांनी बॅटरी बघितली, एकच १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड. म्हणजे सगळी मिळून १२०० वॉट-अवर, त्यातली निम्म्याच्या खाली उतरवली की बॅटरीचं आयुष्य जातं, म्हणजे वापरायला ६०० च्या आसपास. हजार वॉट खाणारा एसी त्याच्यावर तासभरही चालत नाही. जानेवारीत पंख्यावर भागलं, मे महिन्यात हीच जाहिरात वाचून कोणी लहान बाळ घेऊन आलं तर? ड्रायव्हरदादांची झोपायची सोय नव्हती, जेवणाचा भत्ता नव्हता, पुढच्या सीटवर वाकून झोपायचे आणि सकाळी हाच माणूस घाट उतरवणार, हे आमच्याही जिवाशी आहे.

कॅम्पवर सांडपाण्याचीसुद्धा काहीच व्यवस्था नव्हती. लोकं गाडीतलं पाणी, भांड्यांचं, साबणाचं, शेताच्या बांधाकडे सोडत होती. ती साधी पडीक जमीन नाहीये हो, खाजन आहे, खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी आतबाहेर करायचं, भात आणि मासळी दोन्ही त्याच्यावर. तिथली एक बाई मला तळमळून सांगत होती की तुम्ही तीन दिवसांनी जाल, पाणी इथेच राहील. मला खरंच लाज वाटली, आणि मी तर तिथे गाडीही नेली नव्हती. आपल्या महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाडीइतकाच ती उभी राहते त्या कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे. गोवा वेगळं राज्य असलं तरी कंपनी ठाण्याची आहे, एवढी समज अपेक्षित आहे. पुढच्या वेळी निदान सांडपाणी काढायची टाकी ठेवा आणि गावच्या पंचायतीशी आधी बोला.

आता पैशांचं. गाडीचं चार दिवसांचं भाडं ड्रायव्हरसकट ५२,००० रुपये, कॅम्पची चार जणांची तिकिटं १६,०००, डिपॉझिट २५,०००. परत आल्यावर डिपॉझिटमधून १४,५०० कापलेत, कारण लिहिलंय "ग्राहकाच्या वापरात बंपर व टाकीचे नुकसान". कोणता वापर? ड्रायव्हर तुमचा, ऑर्डर तुमच्या कोऑर्डिनेटरची, बोटीवाला नाही म्हणत असताना चढवायला लावलेली. त्या कॉलची वेळ माझ्या फोनमध्ये आहे आणि धक्क्यावरचा व्हिडिओ नाशिकच्या त्या ताईंकडे आहे, त्या द्यायला तयार आहेत. आणि हे १४,५०० मला परत देऊन ड्रायव्हरदादांच्या पगारातून कापू नका. ते शेवटपर्यंत नको म्हणत होते हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

तिकिटांचे १६,००० पूर्ण परत हवेत, कारण कॅम्प आम्हाला मिळालाच नाही, मी आणि मुलानं दुपारी दोन तास तिथे उभं राहून बघितलं त्याला कॅम्पिंग म्हणत नाहीत. गाडीचं सगळं भाडं मी मागत नाहीये, गोव्यापर्यंत गेलो आलो ते तिच्यातूनच, पण बेटावर राहायचे जे दोन दिवस होते त्यांचे २६,००० परत हवेत. डिपॉझिटचे १४,५०० धरून एकूण ५६,५००. वर मनस्तापाचा एक रुपयाही लावलेला नाही.

तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात आहे की वाहतुकीच्या कारणानं कार्यक्रमाला पोचता आलं नाही तर रिफंड नाही. रस्ता बंद असता, वादळ आलं असतं, तर मी एक शब्द बोलले नसते. पण इथे कारण तुमची गाडीच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी आणि अन्यायकारक करार या दोन्हींची व्याख्या आहे, आणि याच कायद्यानुसार मी राहते तिथल्या म्हणजे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, गोव्याला जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येते. हे धमकी म्हणून सांगत नाहीये. परवा तुमच्या माणसानं "मॅडम, गोव्याचं मॅटर आहे, केस तिकडेच होते" असं सांगितलं, ते चूक आहे म्हणून लिहिलं.

पैशांशिवाय आणखी एक मागणी आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. प्रत्येक गाडीच्या पानावर तिची लांबी, उंची, वजन आणि मागच्या चाकांपासून मागे किती भाग आहे हे लिहा, आणि बेटावरच्या किंवा फेरीनं जायच्या कुठल्याही कॅम्पचं बुकिंग घेताना कुठली गाडी जाईल कुठली नाही हे आधी सांगा. कोकणातही दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी अशा फेऱ्या आहेत, तुमच्या पुढच्या प्रोग्रॅममध्ये त्यांची नावं मी बघितलीत. तिथल्या बोटी वेगळ्या आहेत, धक्के वेगळे आहेत, प्रत्यक्ष गाडी घेऊन एकदा जाऊन या आणि मगच लोकांचे पैसे घ्या. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन लोकं तुमच्या भरवशावर निघतात.

या पत्राचं लेखी उत्तर आणि ५६,५०० रुपये पंधरा दिवसांत द्या, ज्या खात्यातून बुकिंग केलं त्याच खात्यात. फोन करू नका, मेलवरच कळवा. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि तिथे सुटलं नाही तर ठाण्याच्या आयोगात. सोबत बुकिंगची पावती, डिपॉझिट कापल्याचा मेल, ग्रुपवरचा स्क्रीनशॉट आणि तुटलेल्या पाइपचे धक्क्यावरच काढलेले फोटो जोडलेत.

आपली ग्राहक,
कासारवडवली, ठाणे (प.)