माझी कमाल बोली कोणाकोणाला दिसते?

प्रति,
व्यवस्थापक, लिलाव विभाग

विषय: हवाई टपालाच्या पाकिटाच्या लॉटवर लावलेली आणि मागे घेतलेली बोली

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवा विभागाशी फोनवरचे बोलणे आत्ताच संपले. म्हणजे तिकडून संपवण्यात आले. म्हणून आता लेखी. प्रॉक्सी बोली कशी चालते, राखीव किंमत म्हणजे काय, हे मी तुम्हाला समजावत बसणार नाही. तो धंदा तुमचा आहे. फोनवर बसवलेल्या तुमच्या माणसाला मात्र कोणीतरी समजावून सांगा.

लॉट जुन्या हवाई टपालाच्या पाकिटाचा. लिलाव बंद होण्याच्या आदल्या दिवशी मी कमाल बोली नोंदवली. त्या चौकटीखाली तुम्हीच छापले आहे की ही रक्कम गोपनीय राहील आणि सिस्टम ती माझ्या वतीने गरजेपुरतीच, एकेक पायरीने वापरेल. काही जण आले, बोली चढली, माझ्या मर्यादेच्या साधारण निम्म्यावर येऊन थांबली. बराच वेळ कोणी फिरकले नाही. मग एक नवा बोलीदार क्रमांक उगवला. त्याने पायऱ्यांमागून पायऱ्या चढवत माझी कमाल बोली ओलांडली, आणि थोड्याच वेळात ती बोली मागे घेतली. घेतली ती घेतली, वर लगेच परतला आणि माझ्या मर्यादेच्या बरोबर एक पायरी खाली येऊन थांबला. त्यापुढे हलला नाही. लॉट मला मिळाला, माझ्या पुऱ्या कमाल रकमेला, आणि त्यावर तुमचा बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून वर घेतले जाणारे कमिशन.

जो माणूस नुकताच माझ्यापेक्षा जास्त द्यायला तयार होता, तोच परत येऊन कमी बोली लावतो. पाकीट हवे असलेला माणूस असे करत नाही. माझी मर्यादा कुठे आहे हे चाचपणारा करतो. वर चढत जायचे, आपली बोली कोणत्या आकड्याला पुढे निघाली ते बघायचे, मागे फिरायचे आणि त्या आकड्याच्या खाली टेकायचे. ही चाल संग्राहकांमध्ये जुनी आहे, तुम्हाला ती माहीत नसेल असे म्हणून मी तुमचा अपमान करणार नाही.

तुमच्या नियमावलीत स्वच्छ लिहिले आहे की एकदा लावलेली बोली कोणत्याही कारणास्तव मागे घेता येणार नाही. मग त्याने ती कशी घेतली? माझ्या पडद्यावर तसे बटण नाही. मी शोधले. ज्याअर्थी ते बाहेर नाही, त्याअर्थी ते आत आहे, आणि आतल्या कोणीतरी ते दाबले.

हेच मी फोनवर विचारले. ते संभाषण सविस्तर लिहिते आहे. "प्रशिक्षणासाठी" तुम्ही ते ध्वनिमुद्रित करता, तेव्हा पडताळून पाहाल.

मी विचारले, ती बोली कोणाच्या परवानगीने मागे घेतली गेली?

"मॅडम, सर्वप्रथम अभिनंदन! लॉट तुम्हालाच मिळाला आहे."

म्हटले, ठाऊक आहे, बिल आले आहे.

"मग अडचण काय आहे?"

अडचण पहिल्यापासून सांगितली. पलीकडे कीबोर्डची खटखट. मग, "मॅडम, कमाल बोली तुम्ही स्वतः लावली होती ना?" हो. "म्हणजे तेवढे पैसे द्यायची तुमची तयारी होती." हो. "आणि तुम्हाला तेवढेच द्यावे लागले. एक पायरीसुद्धा जास्त नाही. म्हणजे सिस्टम बरोबर चालली."

या युक्तिवादावर मी काही क्षण गप्प राहिले, आणि त्याला वाटले की मला पटले. म्हणून तो पुढे म्हणाला, "आणखी काही मदत हवी आहे का?"

हवी होती. विचारले, समोरचा बोलीदार कोण? "गोपनीयता, मॅडम." नाव नको, तो पाकीट विकायला देणाऱ्याचा कोणी लागतो का, एवढेच सांगा. "गोपनीयता." बरे, तो तुमचा कर्मचारी आहे का? "तशी माहिती आमच्याकडे नसते." तुमच्याकडे नोकरीला कोण आहे ही माहिती तुमच्याकडे नसते? "मॅडम, आवाज चढवू नका." तोवर चढवला नव्हता. त्यानंतर चढवला.

मग त्याने समजुतीच्या सुरात विचारले, "तुम्ही लिलावात पहिल्यांदाच भाग घेताय का? नवीन लोकांना सुरुवातीला असे वाटते." तुमचे कॅटलॉग छापील असायचे आणि बोल्या टपालाने जायच्या, तेव्हापासून मी तुमची ग्राहक आहे. आणि शेवटी सल्ला: "पुढच्या वेळी कमाल बोली कमी लावा, म्हणजे त्रास होणार नाही." एवढे बोलून त्याने फोन ठेवला आणि लगेच संदेश आला, आजच्या संभाषणाला पाचपैकी किती तारे द्याल?

त्या गृहस्थावर माझा राग नाही. थोडा आहे. पण त्याने नकळत तुमच्या व्यवस्थेचे खरे वर्णन केले. तुमच्याकडे खरी मर्यादा नोंदवणे म्हणजे पत्ते खेळताना आपली पाने समोरच्याला दाखवणे, आणि त्यावर तुमचा उपाय एवढाच की पाने हलकी धरा.

तेवढे द्यायची माझी तयारी होती, हे खरेच आहे. पण तयारी ही मर्यादा झाली. किंमत ठरते ती दुसरा खरा बोलीदार कुठे थांबतो त्यावर. अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये नेमके हे मांडले: जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके पैसे द्यायचे असतील, तर प्रत्येकाने आपली खरी मर्यादा सांगण्यातच शहाणपण असते. १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टपाल तिकिटांचे विक्रेते या तऱ्हेचे लिलाव त्याआधी कितीतरी वर्षे, एकोणिसाव्या शतकापासून, चालवत होते. पण हा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा आहे. कमाल बोलीचा बंद आकडा ज्याच्या हाती आहे, त्याने तो वापरायचा नाही. दुसऱ्या क्रमांकाची बोली त्यानेच घडवली, तर उरते काय? मी खरे सांगितले, त्याचा मला दंड झाला.

आता तुमच्या अटींकडे येते. त्या मी वाचल्या आहेत, बहुधा तुमच्यापेक्षा जास्त वेळा. एका अटीनुसार तुमची संस्था विक्रेत्याच्या वतीने राखीव किमतीपर्यंत, म्हणजे ज्याखाली तो विकणार नाही त्या आकड्यापर्यंत, बोली लावू शकते. ठीक आहे. सभागृहात झुंबराकडे पाहून, कोणी न लावलेली बोली पुकारण्याची रीत जुनी आहे, आणि ती आधी जाहीर केली असेल व राखीव किमतीला थांबत असेल तर मला तक्रार नाही. पण या लॉटची राखीव किंमत काय होती, ती केव्हा गाठली, आणि लिलाव चालू असताना ती बदलली का? यातले काहीही तुम्ही सांगत नाही. दुसऱ्या अटीनुसार तुमचे कर्मचारीही बोली लावू शकतात. ज्यांच्या टेबलावर माझा आकडा आहे, तेच माझ्याविरुद्ध बोली लावू शकतात. हे तुम्ही नियम म्हणून छापलेत, आणि वर त्या पानाला 'पारदर्शकता धोरण' असे नाव दिलेत! शिवाय दर लॉटला बोलीदाराचा क्रमांक बदलतो. कारण अर्थातच गोपनीयता. परिणाम असा की एकाच विक्रेत्याच्या लॉटमागून लॉटवर तोच माणूस उगवतो आहे आणि कधीच जिंकत नाही, हे बाहेरच्या कोणाला दिसूच शकत नाही. गोपनीयता इतकी कडक, आणि माझी कमाल रक्कम तेवढी त्यातून सुटली.

'शेवटच्या क्षणी बोली लावायची होती' असेही मला सुचवण्यात आले. कुठे? तुमच्याकडे शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो. ठरल्या क्षणी लिलाव बंद करणारे ईबे आणि वेळ वाढवणारे ॲमेझॉनचे तेव्हाचे लिलाव यांची तुलना ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. शेवटच्या क्षणाची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त होती. अनुभवी संग्राहक शेवटच्या सेकंदापर्यंत थांबतात, त्याचे एक कारण हेच की आपला आकडा कोणाला चाचपता येऊ नये. वेळ वाढवून तुम्ही ते संरक्षण काढून घेतलेत. त्याला माझी हरकत नाही, पण मग माझ्याजवळ फक्त तुमचा शब्द उरला.

'इतकी जुनी संस्था असे कसे करेल' हे वाक्यही मला ऐकवू नका. अमेरिकेत खेळाडूंच्या कार्डांच्या लिलावात बिल मास्ट्रो यांच्यापेक्षा मोठे नाव क्वचितच होते. २०१३ मध्ये त्यांनी फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. त्यात बनावट बोल्यांनी भाव फुगवणे होते, आणि बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या सर्वांत प्रसिद्ध कार्डाच्या कडा आपण कापल्याची कबुलीही होती. २०१५ मध्ये त्यांना वीस महिन्यांची कैद झाली. क्रिस्टीज आणि सदबीज या बड्या लिलाव संस्था तर तुमच्याहून जुन्या. कमिशनचे दर संगनमताने ठरवल्याच्या प्रकरणात त्या दोघींना मिळून ५१.२ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली, आणि सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन तुरुंगात गेले. याच दोन संस्थांनी १९७५ मध्ये लंडनमध्ये बायर्स प्रीमियम सुरू केला आणि बाकीच्यांनी तो उचलला, तुम्हीसुद्धा. माझ्याकडून प्रीमियम घेता, म्हणजे मीही तुमची ग्राहक आहे. फक्त विक्रेता नाही.

कायद्याचेही बोलू. विक्रेत्याचा बोली लावण्याचा हक्क आधी स्पष्टपणे राखून ठेवलेला नसेल, तर त्याच्या वतीने चोरून बोली लावणे भारताच्या माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ मध्ये बेकायदेशीर आहे, आणि ब्रिटनच्या १९७९ च्या कायद्यातल्या कलम ५७ मध्येही. अमेरिकेची समान व्यापारी संहिता, कलम २-३२८, अशा वेळी खरेदीदाराला दोन पर्याय देते: विक्री रद्द करा, किंवा शेवटच्या प्रामाणिक बोलीच्या किमतीला वस्तू घ्या. राखीव किमतीपर्यंत बोली लावायची तुमची अट त्या किमतीच्या वर तुम्हाला वाचवेल असे समजू नका.

मला सर्वांत जास्त काय डाचते आहे ते सांगते. माझ्याकडून उकळलेली ही रक्कम, प्रीमियम मिळवून, तुमच्या विक्री किमतींच्या यादीत झळकलीसुद्धा. पुढच्या कॅटलॉगमध्ये अशाच पाकिटाचा अंदाजित भाव या आकड्यावरून ठरेल, आणि कोणी संग्राहक तो पाहून आपली कमाल बोली वाढवेल. दुसऱ्या कोणी खरोखर देऊ केली नव्हती अशी रक्कम तुम्ही बाजारभाव म्हणून छापली आहे.

तेव्हा मला या लॉटच्या बोल्यांची संपूर्ण नोंद हवी आहे, प्रत्येक बोलीच्या वेळेसह, आणि मागे घेतलेली बोली त्यात दिसली पाहिजे. ती कोणी मागे घेऊ दिली आणि कोणत्या नियमाखाली, हे लिहून द्या. तो बोलीदार विक्रेत्याशी किंवा तुमच्या संस्थेशी संबंधित आहे की नाही याचे हो किंवा नाही असे उत्तर द्या. नाव तुमच्याजवळच ठेवा. आणि लिलाव चालू असताना माझी कमाल बोली कोणाकोणाला दिसत होती ते सांगा. हा प्रश्न मी आधी ईमेलवर विचारला, फोनवर विचारला, इथे परत विचारते आहे, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहीन. तो क्रमांक उगवण्याआधीच्या शेवटच्या बोलीच्या किमतीला मी पाकीट आजही घ्यायला तयार आहे. ते मान्य नसेल तर विक्री रद्द करा. तोपर्यंत बिल भरणार नाही, आणि 'पैसे न भरणारी बोलीदार' म्हणून माझे खाते बंद केलेत तर पुढचा पत्रव्यवहार वकिलामार्फत होईल. बोल्यांच्या पानाची छायाचित्रे मी घेतली आहेत. तुमच्या पानावरून ती मागे घेतलेली बोली आता दिसेनाशी झाली आहे, माझ्या छायाचित्रांत आहे.

माझा हवाई टपालाचा बाकीचा संग्रह तुमच्यामार्फत विकायचा माझा विचार होता, तुमच्या तज्ज्ञांनी तो पाहिलाही आहे. तो विचार सोडला आहे. तपासायला दिलेला भाग परत पाठवा, विम्यासकट, तुमच्या खर्चाने.

तुमची बोलीदार
(क्रमांक काय द्यावा? तुमच्याकडे तो दर लॉटला बदलतो.)

ता. क. या पत्राला "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" असे आपोआप जाणारे उत्तर पाठवू नये. ते माझ्याकडे आधीच आहे.