दोन पंप आणि सातवी ‘ब’ : सायकलवाल्या काकांना पत्र

काका,
सा. न. वि. वि.

दुकानात आभार मानायला आले की तुम्ही ‘त्यात काय एवढं, मॅडम’ म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल, तेव्हा तरी पाना खाली ठेवून ऐका.

जूनच्या पावसात मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले आणि चार मीटर रबरी व्हॉल्व्ह ट्यूब मागितली. तुम्ही विचारलंत, ‘किती सायकली आहेत?’ एकही नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं; काडेपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायचे, हा त्यांचा लाडका खेळ. आमच्या शाळेत प्रयोगशाळा आहे, पण तिची किल्ली दहावीच्या प्रात्यक्षिकांसाठी जपून ठेवलेली असते. सातवीच्या वाट्याला फळा आणि पुस्तकातल्या आकृत्या. तेव्हा काड्या तर काड्या, म्हटलं.

खेळ जमला. चौकोन बोटाने ढकलला की लुळा पडतो, त्रिकोण हलत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाच-सहा पोरं घेऊन तुमच्याकडे आले, तर तुम्ही उलट्या टांगलेल्या सायकलीच्या सांगाड्यावर बोट फिरवून म्हणालात, ‘हे बघा, दोन त्रिकोण.’ मागच्या बाकावरची एक मुलगी लगेच म्हणाली, पुढचा त्रिकोण नाहीये, हँडलखाली छोटी नळी आहे, म्हणजे बाजू चार झाल्या. मला वाटलं, आता हिला उद्धट ठरवलं जाणार. तुम्ही वाकून पुन्हा बघितलंत. ‘खरंच की. चाळीस वर्षं त्रिकोणच म्हणत आलो.’ मग सांधे पितळ वितळवून पक्के केलेले असतात, काड्यांसारखे रबराचे नसतात, म्हणून चार बाजू असूनही तो लुळा पडत नाही, हेही दाखवलंत. त्या मुलीने त्या आठवड्यात वर्गात अकरा प्रश्न विचारले. मी मोजले.

पण मला लिहायचं आहे ते पंपाबद्दल.

दाबाचा धडा चालू होता म्हणून तुमच्याकडचा उभा पंप उसना नेला होता. एका मुलाने ट्यूबमध्ये हवा भरता भरता खालचा भाग धरला आणि ओरडला, ‘बाई, चटका बसतोय!’ मी फळ्याकडे वळून एका दमात सांगितलं: घर्षण. आतला वायसर, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, पंपाच्या नळकांड्याला घासतो, म्हणून उष्णता. बेचाळीस वह्यांत ते वाक्य उतरलं. संध्याकाळी पंप परत करताना मी हे तुम्हाला कौतुकाने सांगितलं, तर तुम्ही नेहमीसारखं डोकं खाजवलंत.

‘घासून तापत असेल, तर रबरी नळी ट्यूबला न जोडता मोकळी सोडली तरी तापायला पाहिजे ना?’

मी गप्प. वायसर तोच, नळकांडं तेच, दट्टेही तेवढेच. तुम्ही पुढे म्हणालात की सायकलीत कुरकुर आली की तुम्ही चेन, पेडल आणि बेअरिंग तिन्ही एकदम कधी बदलत नाही. एक बदलायचं, फिरवून बघायचं, मग दुसरं. नाहीतर कुरकुर गेली तरी कशाने गेली ते कळत नाही. बी.एस्सी.ला, बी.एड.ला मी ‘नियंत्रित चल’ हा शब्द पाठ केला होता. त्याचा अर्थ मला तुमच्या दुकानातल्या लाकडी पेटीवर बसून कळला, हे आज कबूल करते.

कॉम्प्रेसर आल्यापासून तुमचा दुसरा पंप भिंतीला टांगलेला होता, तोही तुम्ही तेल घालून दिलात. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन मुलं, दोन पंप, प्रत्येकी पन्नास दट्टे. एका पंपाला ट्यूब जोडलेली, दुसऱ्याची नळी मोकळी. मग पाच जणांना बाहेरून बोलावलं. कुठला पंप कुठला हे त्यांना सांगितलं नव्हतं. पाचही जणांनी डोळे मिटून ट्यूबचाच पंप गरम म्हणून दाखवला. मोकळा जेमतेम कोमट. तेवढ्यात एकाने शंका काढली की तो पंपच तसा असेल, म्हणून अदलाबदल करून पुन्हा पन्नास. उत्तर तेच.

मग खरी मजा झाली. एक मुलगा म्हणाला, ट्यूबमध्ये दाब वाढतो तेव्हा वायसरही नळकांड्याला जास्त जोरात चिकटत असेल, म्हणजे घर्षणही वाढतच असेल. बरोबर होतं त्याचं! मला उत्तर येईना. शेवटी पोरांनीच पंपाला वरपासून खालपर्यंत हात लावून बघितलं. वायसर वर-खाली सगळीकडे घासतो, पण चटका बसत होता तळाशी, जिथे हवा दाबली जाते तिथे. घर्षणाचा वाटा असेल थोडा, मोठा वाटा हवेचा: तुम्ही जोर लावून तिला कोंबता, तो जोरच उष्णता होऊन बाहेर येतो. आणि व्हॉल्व्ह सोडून ट्यूबमधली हवा बोटावर घेतली, तर ती गार. ते कोणी करून बघा म्हटलं नव्हतं, एका मुलाला सहज सुचलं.

त्या दिवशी मी फळ्यावर ‘काल बाईंनी अर्धवट सांगितलं होतं’ असं लिहिलं. वह्यांतही लिहून घेतलं. एका पालकांना हे आवडलं नाही, ते असो.

दाते मोजण्याचंही सांगायला हवं. पुढच्या चक्राचे 48, मागच्या फ्रीव्हीलचे 18. म्हणजे पेडलचा एक वेढा झाला की चाकाचे पावणेतीनला जरासे कमी वेढे. हे गणितात आलं, पण पोरांचा विश्वास बसेना. म्हणून टायरवर खडूची खूण करून तुमची जुनी सायकल शाळेच्या व्हरांड्यात चालवली. पेडलच्या एका वेढ्याला जवळजवळ सहा मीटर. व्हरांडा संपला आणि सायकल मुख्याध्यापकांच्या दारात थांबली. (ते हसले. तसे ते हसत नाहीत.)

डायनॅमोचं तर तुम्ही आपणहूनच काढलंत. हल्ली तो मागायला कोणी येत नाही म्हणून डब्यात पडून होता, रॉकेलने पुसून दिलात. सायकल उलटी करून हाताने पेडल मारलं की बल्ब पेटतो, याला पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी एकीला पेडल फिरवत ठेवून, तिच्या नकळत बल्बची तार काढली. ‘बाई, हलकं झालं!’ तार लावली, पुन्हा जड. उजेड फुकट मिळत नाही, तो तिच्या दंडातून जातोय, हे मी बोलायच्या आधी तिनेच सांगितलं. फॅरेडे आणि त्यांचा वीजनिर्मितीचा नियम वगैरे मी नंतर कधीतरी सांगेन.

पैसे तुम्ही एकदाही घेतले नाहीत. दिवाळीत फराळाचा डबा पाठवला, तर रिकामा परत कसा द्यायचा म्हणून तुम्ही त्यात बेअरिंगचे छर्रे भरून पाठवलेत. चकलीचा वास येणारे ते छर्रे आता दोन झाकणांमध्ये ठेवून त्यावर वह्यांची चळत ढकलायला वापरतो.

आता एक काम आहे. त्या चार बाजूवाल्या मुलीने विचारलंय की हवेला वजन असेल तर हवा भरल्यावर चाक जड व्हायला हवं. फरक फार तर पाच-सात ग्रॅमचा असेल असा माझा हिशेब आहे, पण या वेळी तो फळ्यावर लिहिलेला नाही. टायर-ट्यूबसकट एक जुनं चाक काढून ठेवा, रिम आऊट, म्हणजे वाकडी, असली तरी चालेल, हवा मात्र टिकायला हवी. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा मी आणते. सोमवारी दोन पोरं येतील. आणि आमच्या पन्नास-पन्नास दट्ट्यांनी दोन्ही पंपांचे वायसर गेलेत, ते बदला. त्याचे पैसे मात्र घ्यायचे.

आपली,
सातवी ‘ब’च्या बाई