काकूंचा गुडघा आणि गुळवेल

पुणे, रविवार

प्रिय सुनील,

काल फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहितोय. काकूंनी सकाळ-संध्याकाळ गुळवेलीचा काढा सुरू केलाय, वर कुणीतरी दिलेल्या त्या बिनलेबलच्या काळ्या गोळ्या. आणि "झाडपाल्याचंच आहे, बाधतंय कशाला" हे पालुपद! दिवाळीत त्यांना जिना उतरताना पाहिलं मी. कठडा दोन्ही हातांनी धरून, आडव्या होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. अशा माणसाला "काही घेऊ नका" म्हणणं माझ्याच्याने होत नाही.

आणि म्हणायचंही नाही. पुण्याच्याच डॉ. अरविंद चोप्रा, भूषण पटवर्धन वगैरेंनी गुडघ्याच्या झिजेवर चाचणी केली, २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. ४४० रुग्ण, २४ आठवडे. काहींना सुंठ-गुळवेलीवर बेतलेल्या कॅप्सूल, काहींना सांध्यांसाठी देतात ते ग्लुकोसामाइन, काहींना सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. दुखण्यात, चालण्या-फिरण्यात आयुर्वेदाच्या कॅप्सूल त्या दोघांच्या बरोबरीने उतरल्या. वाचून मी खूश झालो.

पण पुढची ओळ वाच. आयुर्वेदाच्या गटांतल्या तेरा जणांचं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा होत असली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलं. त्रास काही नाही, बाकी यकृत ठीक, फक्त रक्तात आकडा चढलेला. सात जणांचं औषध थांबवलं, आकडा खाली आला. तिथे रक्त तपासत होते म्हणून कळलं. काकूंचं कोण तपासतंय?

गोळ्यांचं तर विचारूच नकोस. बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ही २००४ सालची गोष्ट, आणि त्या डब्यांवर निदान लेबल तरी होती.

आणखी एक. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात, कपाची दांडी धरवत नाही, असं काकू म्हणाल्या होत्या ना? मग ही नुसती झीज नसेल, आमवात असू शकतो. त्यावरही कोइम्बतूरला आयुर्वेद आणि मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताचं नेहमीचं औषध, समोरासमोर ठेवून पाहिलंय. निकाल साधारण सारखे आले, पण रुग्ण अवघे ४३, तेवढ्यावर मी मेथोट्रेक्सेट टाळणार नाही. आमवातात सांधे एकदा वाकडे झाले की सरळ होत नाहीत.

तेव्हा गोळ्या आजच बंद. काढाही रिपोर्ट येईपर्यंत बंद ठेव, रागावल्या तर माझं नाव सांग. यकृताची आणि आमवाताची तपासणी करून घे आणि त्यांना घेऊन शनिवारी ये. आमच्याकडे लिफ्ट आहे.

तुझा,
मिलिंद